चित्र खोटं, जंगल खरं

माननीय मुख्यमंत्री श्री. ए. रेवंत रेड्डी यांस,



तेलंगणाचं शिक्षण खातं आपण स्वतःकडेच ठेवलं आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. मी हैदराबादेत इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना शिकवते. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण या शहरात मराठी काही काल आलेली नाही. विवेकवर्धिनीची शाळा इथे १९०७ साली सुरू झाली, आणि आदिलाबाद जिल्ह्यात आजही मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. ज्या गोष्टीबद्दल मला लिहायचं आहे, ती तेलुगू, उर्दू, मराठी अशा सगळ्याच माध्यमांच्या मुलांना सारखीच भिडते.

कांचा गच्चीबावलीचं प्रकरण आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेली ती ४०० एकर जमीन, तिच्या लिलावाचा बेत, ३० मार्च २०२५ला ऐन उगादीच्या दिवशी आत शिरलेली यंत्रं, अडवायला गेलेल्या विद्यार्थ्यांची धरपकड, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं झाडतोडीला दिलेली स्थगिती. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं. मला बोलायचं आहे ते त्या आठवड्यात मुलांच्या फोनवर काय घडलं त्याबद्दल.

तेव्हा सगळं जग आपापले फोटो जपानी घिबली शैलीत बदलून घेत होतं. त्याच शैलीतलं एक चित्र हैदराबादभर फिरलं. विद्यापीठातला मशरूम रॉक, बुलडोझर, आणि त्यांच्यासमोर मोर आणि हरणं. त्याच्या जोडीला दुसरीही चित्रं आली, आणि ती मात्र अगदी फोटोसारखी दिसणारी होती. त्यांत जनावरं जीव घेऊन पळत होती. हीसुद्धा एआयनं बनवलेली होती, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी यातलं काही ना काही स्टेटसला किंवा स्टोरीला लावलं होतं.

यात सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्या जंगलाला खोट्या चित्राची गरजच नव्हती. विद्यापीठाच्या आवारात मोर खरोखर आहेत, चितळ आहेत, तारा कासवं आहेत. पीकॉक लेक आणि बफेलो लेक हे तलाव खरे आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आहेत, खरे फोटो काढले आहेत. पण खऱ्या फोटोतला मोर लांब असतो, अर्धा झुडपात असतो, थोडा धूसर असतो. बनवलेल्या चित्रातला मोर नेमका बुलडोझरपुढे उभा राहतो. मुलांनी दुसरा निवडला, आणि त्यामुळे पहिल्यावरचाही लोकांचा विश्वास उडाला. आठवड्याभरात चर्चा झाडांवरून हटून चित्रांवर गेली. आपल्या सरकारला ‘हे सगळं एआयनं रचलेलं आहे’ असं म्हणता आलं, ते या चित्रांमुळेच. जे विद्यार्थी उन्हात उभे राहून खरं बोलत होते, तेही त्या झपाट्यात खोटारडे ठरले.

मी वर्गात विचारलं, चित्र खरं आहे की नाही हे कुणी पाहिलं का? एका मुलीनं दिलेलं उत्तर मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, “मॅडम, मी स्टोरी टाकली नसती तर मी जंगलाच्या बाजूची नाही असं सगळ्यांना वाटलं असतं.”

माझ्या मते या पत्राचा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे. तिनं ते चित्र माहिती म्हणून पुढे पाठवलंच नव्हतं. ते तिनं स्वतःची ओळख म्हणून लावलं होतं. मी अमुक आहे, मी तमक्यांबरोबर आहे, हे सांगायला सतरा वर्षांच्या मुलीकडे आज हेच साधन आहे, आणि ते दिवसाच्या आत वापरावं लागतं. उद्यापर्यंत थांबलं तर ‘तू गप्प का?’ असं विचारणारे मेसेज येतात. अशा वेळी ‘खात्री करून घ्या’ एवढा उपदेश तिच्या काही कामाचा नाही. जे चित्र आपल्या विरुद्ध बाजूचं असतं ते आपण डोळे बारीक करून बघतो, झूम करतो, बोटं मोजतो. जे आपल्या बाजूचं असतं त्याला आपण हृदयाशी धरतो. बनावट ओळखण्याची हुशारी मुलांत भरपूर आहे, माझ्यापेक्षा जास्त आहे. ती स्वतःच्या आवडत्या चित्रावर कशी वापरायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे दुसऱ्यांबद्दलचा निवाडा. जी मुलं एका स्टोरीवरून स्वतःला सिद्ध करतात, ती दुसऱ्यालाही एका स्टोरीवरूनच मोजतात. जवळपास प्रत्येक कॉलेजच्या नावानं इन्स्टाग्रामवर एखादं कन्फेशन पेज असतं. ते कोण चालवतं हे कुणालाच ठाऊक नसतं. तिथे कुणीही नाव न देता कुणाबद्दलही लिहितो. कुणाच्या तरी चॅटचा स्क्रीनशॉट येतो, वरचे दोन आणि खालचे तीन मेसेज कापलेले असतात, आणि मधल्या एका ओळीवर संध्याकाळपर्यंत अख्खी बॅच निकाल देऊन मोकळी होते. ज्याच्याबद्दल ते असतं तो मुलगा दुसऱ्या दिवशी कॉलेजला येत नाही. मी अशा मुलांच्या आयांशी बोलले आहे. त्या फोन जप्त करतात, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना कळत नाही. कापलेल्या स्क्रीनशॉटला ‘कापलेल्या भागात काय होतं?’ हा एक प्रश्न विचारायची सवय वर्गाला असती, तर त्यांतले निम्मे निकाल लागलेच नसते असं मला वाटतं.

हेच शहराच्या बाबतीतही होतं. गच्चीबावली, कोंडापूरकडच्या सोसायट्यांत वाढलेली कित्येक मुलं मुसी नदी ओलांडून जुन्या शहरात कधी गेलेली नसतात. चारमिनारपलीकडची माणसं कशी असतात हे त्यांना रील्सवरून माहीत असतं: बाइकचे स्टंट, लग्नातला दिखावा, भांडणं, बिर्याणी. तिकडच्या मुलांना इकडची मुलं माहीत असतात ती कॅफेतल्या सेल्फींवरून. एकाच शहरातली, कधी एकाच मेट्रोच्या डब्यातली ही मुलं, एकमेकांबद्दल पक्की मतं बाळगून असतात, आणि त्या मतांचा कच्चा माल कुणीतरी व्ह्यूजसाठी शूट केलेला असतो. नापसंतीपर्यंत गोष्ट थांबली तर ठीक. ती पुढे जाते तेव्हा काय होतं ते आपल्या शहरानं पाहिलं आहे.

१३ जुलै २०१८. हैदराबादहून काही मित्र गाडीनं बीदर जिल्ह्यातल्या औराद भागात गेले होते. हा आमचा मराठी-कानडी सीमाभाग, घराघरात दोन्ही भाषा बोलणारा. त्यांच्यातला एक पाहुणा कतारहून आला होता. वाटेत शाळेतून घरी निघालेल्या मुलांना त्यांनी चॉकलेटं दिली. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे व्हिडिओ त्याआधी काही महिने सगळीकडे फिरत होते. लोकांनी त्यांना घेरलं, त्यांचा व्हिडिओ काढला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ते कसेबसे गाडी घेऊन निघाले, पण गाडीच्या आधी व्हिडिओ पुढच्या मुरकी गावात पोचला होता. तिथे जमावानं हैदराबादच्या एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरला ठार मारलं आणि त्याच्या साथीदारांना रक्तबंबाळ केलं. अटक झालेल्यांत त्या ग्रुपचा ॲडमिनही होता. त्याच्या बारा दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात सोलापूरकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांचा असाच बळी गेला होता. त्याही आधी, मे महिन्यात, आपल्याच शहरातल्या चांद्रायणगुट्ट्यात एका तृतीयपंथी व्यक्तीला जमावानं संपवलं. कारण तेच: मुलं पळवणारे.

त्या काळात सगळ्यात जास्त फिरलेला व्हिडिओ कुठला होता हे मी मुलांना दरवर्षी सांगते. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात. मूळ फिल्म कराचीची आहे. मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेनं ती जनजागृतीसाठी बनवली होती. शेवटी ते दोघं परत येतात, मूल सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात. भारतात फिरलेल्या व्हिडिओतून हा शेवटच कापून टाकलेला होता. दुसऱ्या एका मेसेजमध्ये रांगेत ठेवलेल्या लहान मुलांचे मृतदेह होते. तो फोटो २०१३ साली सीरियात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचा होता. म्हणजे पाकिस्तानातली मुलांना वाचवणारी फिल्म आणि सीरियातल्या मेलेल्या लेकरांचा फोटो यांच्या आधारावर आपल्याकडच्या माणसांनी ठरवलं की चॉकलेट देणारा परका माणूस राक्षस आहे. कन्फेशन पेजवरचा कापलेला स्क्रीनशॉट आणि हा कापलेला व्हिडिओ यांच्यातलं साम्य मुलांच्या लगेच लक्षात येतं. त्यावर वर्ग बराच वेळ गप्प असतो.

आपल्या राज्यानं तेव्हा एक चांगली गोष्टही करून दाखवली होती, आणि तिची आठवण आपल्या अधिकाऱ्यांनी ठेवायला हवी. जोगुळांबा गदवाल जिल्ह्याच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी यांनी ही अफवा पसरताना पाहिली आणि लाठी न उचलता डफ उचलला. गावोगावच्या शिपायांना लोककलाकारांबरोबर पाठवलं. गाण्यातून, खेळांतून सांगितलं की फोनवर आलेलं सगळं खरं नसतं, आणि अनोळखी माणूस दिसला तर हात उगारू नका, आम्हाला कळवा. त्यांच्या अखत्यारीतल्या गावांत अफवेनं एकही बळी गेला नाही. त्यांनी लोकांना आधी अपराधी धरलं नाही. घाबरलेले आईबाप समजून त्या लोकांशी बोलल्या.

२०२५च्या एप्रिलमध्ये मात्र सरकारचं वागणं वेगळं होतं. चित्रांवरून गुन्हे नोंदवले गेले. आपल्याच सरकारमधल्या ज्येष्ठ आयएएस अधिकारी स्मिता सभरवाल यांना घिबली शैलीतलं चित्र पुन्हा शेअर केल्याबद्दल पोलिसांची नोटीस गेली. तेच चित्र सुमारे दोन हजार लोकांनी शेअर केलं, त्या सगळ्यांवर कारवाई होणार का, असं त्यांनी विचारलं. हैदराबादेत जन्मलेल्या अभिनेत्री दिया मिर्झा यांना आपण एकही एआय चित्र टाकलेलं नाही, असा जाहीर खुलासा करावा लागला. विद्यार्थ्यांवरचे खटले मागे घेण्याच्या सूचना नंतर उपमुख्यमंत्र्यांनी दिल्या, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण तोपर्यंत मुलांनी जो धडा घ्यायचा तो घेतला होता.

मुख्यमंत्री महोदय, घिबली शैलीतलं चित्र स्वतः फोटो असल्याचा दावा करत नाही. ते व्यंगचित्रासारखं, भित्तिपत्रकासारखं आहे. ते पाहणाऱ्याला कळतं की हे काढलेलं आहे. फोटोसारखं दिसणारं, पळणाऱ्या हरणांचं बनावट चित्र मात्र सरळ फसवतं. या दोन्हींतला फरक समजणं हाच आजच्या साक्षरतेचा पहिला धडा आहे. पोलिसांच्या नोटिशीनं तो फरकच पुसून टाकला. पुढच्या वेळी माझी मुलं कुठलंच चित्र तपासणार नाहीत. ती फक्त दुसऱ्या, नाव नसलेल्या अकाउंटवरून टाकतील. बहुतेकांकडे असं अकाउंट आधीच आहे. एकावर आईबाबा आणि शिक्षक असतात, दुसऱ्यावर ती स्वतः असतात. भीतीनं मूल खरं बोलायला लागत नाही. ते लपायला शिकतं, आणि लपलेल्या नावाखाली माणूस जास्त निर्दय होतो.

महाराष्ट्रानं हा रस्ता आधी चालून पाहिला आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीनं ते फक्त लाइक केलं. दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द झालं. त्या अटकेनं महाराष्ट्रातलं एकही मूल विचार करून लिहायला शिकलं नाही.

मग खरं-खोटं तपासायला शिकवता येतं का? येतं, आणि त्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या संशोधिकेनं बिहारमध्ये बाराशेहून अधिक लोकांवर प्रयोग केला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं. उपयोग झाला नाही. उलट एका पक्षाचे समर्थक आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्यात आणखी मागे पडले. माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलं तेच हे: जिथे ओळख गुंतलेली असते तिथे एक तास पुरत नाही. पुढे त्याच संशोधिकेनं सहकाऱ्यांबरोबर आणि बिहार सरकारच्या मदतीनं दुसरा प्रयोग केला. या वेळी आठवी ते बारावीची तेरा हजारांहून जास्त मुलं होती, १४ आठवड्यांत चार सत्रं होती, शिकवणारे होते, गृहपाठ होता. यातून मुलांमध्ये झालेला बदल काही महिन्यांनीही टिकून होता. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते असं की त्यांचे आईवडीलही खोटी माहिती जास्त चांगली ओळखू लागले. मुलांनी घरी जाऊन शिकवलं असणार. केरळात कन्नूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी २०१८च्या सुमारास दीडशे सरकारी शाळांत असेच वर्ग सुरू केले होते. लसीबद्दलच्या अफवांनी त्यांना जागं केलं होतं.

काय शिकवायचं, हेही आता पुरेसं स्पष्ट आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि बातम्या तपासणारे व्यावसायिक यांना तीच संकेतस्थळं पाहायला दिली. विद्वान प्राध्यापक आणि हुशार विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि बरेच फसले. तपासनीस मात्र काही क्षणांतच पान सोडून बाहेर पडले आणि हे कुणी लिहिलंय, बाकीचे त्यांच्याबद्दल काय म्हणतात, ते दुसरीकडे जाऊन पाहून आले. हे कौशल्य शिकवता येतं, आणि त्यासाठी फार बुद्धिमत्ता लागत नाही. हैदराबादेत फॅक्टलीसारखी संस्था हेच काम रोज करते. तिथली माणसं बसनं अर्ध्या तासात माझ्या वर्गात येऊ शकतात. रिव्हर्स इमेज सर्च कसा करायचा, एखाद्या फोटोचा जुना उगम कसा काढायचा, हे त्यांनी दाखवलं तर मुलं कान टवकारून ऐकतील.

पण एवढ्यावर थांबू नये. तंत्र शिकलेलं मूल ते तंत्र दुसऱ्याला खोटं पाडायलाच वापरतं, हे मी पाहिलं आहे. म्हणून माझं मागणं थोडं वेगळं आहे. धड्याची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या स्टोरीपासून व्हावी. गेल्या महिन्यात तू जे पुढे पाठवलंस, त्यातलं कुठलं तुला मनापासून आवडलं होतं? तेच आधी तपास. कुणाबद्दल तू एका क्लिपवरून मत बनवलंस? त्या क्लिपच्या आधी आणि नंतर काय होतं ते शोध, जमलं तर त्या माणसाशी बोल. कोंडापूरच्या शाळेतल्या मुलांनी जुन्या शहरातल्या शालीबंड्याच्या शाळेतल्या मुलांबरोबर एक दिवस घालवावा आणि दोन्हीकडच्यांनी मिळून एकेक रील बनवावं, आणि त्यात काय दाखवायचं, काय कापायचं यावर वाद घालावेत. जो स्वतः कात्री चालवतो त्याला दुसऱ्याची कात्री दिसते. याला गुण देऊ नयेत. गुण दिले की दहावीच्या गाइडमध्ये त्याची वीस प्रश्नोत्तरं छापून येतील आणि विषय मरेल.

यासाठी पैसा फार लागणार नाही. आठवड्याचा एक तास लागेल, तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी, कानडी अशा सगळ्या माध्यमांत एकाच वेळी आलेलं एक छोटं पुस्तक लागेल, आणि शिक्षकांना आधी शिकवावं लागेल, कारण आम्हा शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी काय काय येतं ते आपण पाहिलंत तर आपल्याला काळजी वाटेल. पोलिसांना या विषयापासून लांब ठेवा. जिला धमकी दिली गेली, जिचे फोटो विकृत केले गेले, तिच्यासाठी पोलिसांच्या शी टीम्स आहेत आणि असाव्यात. पण भाबडेपणानं चित्र पुढे पाठवणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न वर्गात सुटू द्या.

आणि पुस्तकातला पहिला धडा कांचा गच्चीबावलीचा असू द्या. आपल्या सरकारला तो अडचणीचा वाटेल, हे मला कळतं. आंदोलन करणाऱ्या मुलांनाही तो अडचणीचा वाटेल. दोघांनाही बोचणारा धडाच मुलांना खरा वाटतो. त्यात खोटी चित्रं छापा, शेजारी खऱ्या मोरांचे फोटो छापा, न्यायालयाचा आदेश छापा, पोलिसांची नोटीस छापा, आणि प्रश्न मुलांना विचारू द्या.

जूनमध्ये शाळा उघडतात. त्याआधी पुस्तकं छापखान्यात जातात. त्यापूर्वी या एका तासाची घोषणा करावी, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
हैदराबादमधली एक शिक्षिका